नाव कळले, गाव कोणते?

युनिक्सवर किंवा लिनक्सवर सी भाषेत थोडेफार काम केलेल्या प्रत्येकाची ‘स्टॅट’ नावाच्या स्ट्रक्टशी कधीतरी गाठ पडते. फाइलची सगळी कुंडली त्यात मिळते: आकार किती, मालक कोण, शेवटचा बदल कधी झाला. पण फील्डांची नावे वाचली की एक गोष्ट खटकते. आकाराच्या फील्डाला नुसते ‘साइझ’ म्हटलेले नाही, ‘एसटी_साइझ’ म्हटले आहे. शेजारी ‘एसटी_मोड’, ‘एसटी_एमटाइम’. वेळ ठेवणाऱ्या ‘टाइमव्हॅल’मध्ये ‘टीव्ही_सेक’, नेटवर्कचा पत्ता ठेवणाऱ्या स्ट्रक्टमध्ये ‘सिन_पोर्ट’. कोणत्या स्ट्रक्टचे फील्ड हवे, ते तर आपण बिंदूच्या डावीकडे लिहिलेलेच असते. मग उजवीकडे पुन्हा घराण्याचा शिक्का कशाला? आईने स्वतःच्याच घरात मुलाला ‘कुलकर्ण्यांच्या अमोल, जेवायला ये’ अशी हाक मारावी, तसा हा प्रकार.

या शिक्क्याचे मूळ १९७५ साली बेल लॅब्जमधून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत सापडते. तेव्हाचा सी कंपायलर सगळ्या स्ट्रक्टांची सगळी फील्डनावे एकाच पोत्यात भरत असे. फील्डाचे नाव म्हणजे त्याच्या लेखी दोनच गोष्टी: सुरुवातीपासून किती बाइट पुढे जायचे, आणि तिथे कोणत्या प्रकारचा ऐवज आहे. ते फील्ड कोणत्या स्ट्रक्टमधले, हे तो विचारतच नसे. सहाव्या आवृत्तीच्या कर्नलमध्ये ‘इंटेग’ हे एकच फील्ड असलेले एक निनावी स्ट्रक्ट आहे. पीडीपी-११ यंत्राच्या स्थितिदर्शक रजिस्टरचा पत्ता अष्टमान पद्धतीत १७७७७६. कर्नल लिहिणाऱ्यांनी थेट त्या आकड्यालाच बाण जोडला, पुढे ‘इंटेग’ लिहिले आणि कंपायलरने ते बिनतक्रार चालवून घेतले. त्या आकड्याचा त्या स्ट्रक्टशी काडीचाही संबंध नव्हता.

अशा कारभारात दोन स्ट्रक्टांमध्ये ‘साइझ’ नावाचे फील्ड असले, एकात चौथ्या बाइटवर आणि दुसऱ्यात विसाव्या, तर कंपायलरने कोणते धरायचे? कर्निगन आणि रिची यांच्या सी भाषेवरच्या १९७८च्या पुस्तकात म्हणूनच अट होती: दोन स्ट्रक्टांत एकच फील्डनाव चालेल, पण दोन्हीकडे त्याचा प्रकार आणि जागा तीच हवी. रोजच्या कामात ही अट सांभाळत बसणे कुणाला परवडणार? त्यापेक्षा प्रत्येक नावापुढे शिक्का मारणे सोपे. सहाव्या आवृत्तीत प्रोसेसच्या नोंदीतली नावे ‘पी_’ने सुरू होतात आणि आयनोडची ‘आय_’ने, ती यामुळेच.

पुढे कंपायलर सुधारला. १९८९च्या आन्सी प्रमाणकात प्रत्येक स्ट्रक्टला फील्डांसाठी स्वतःचे वेगळे आवार मिळाले. शिक्क्याची गरज संपली, शिक्का मात्र आजही लाखो ओळींत तसाच आहे. कंपायलरने एके काळी टाळलेला एक प्रश्न माणसे अजून बोटांनी टंकत आहेत.

तो प्रश्न आपल्याकडे अनोळखी माणसाला पहिल्या भेटीत विचारतात: नाव-गाव काय? नुसत्या नावाने माणूस ओळखता येत नाही, हे त्या जोडशब्दात गृहीतच आहे. कंपायलरची नावांची सगळी विद्या या दोन शब्दांत मावते. एका नावाचे दोघे दोन गावांत असले तर बिघडत नाही. एकाच गावात असले, तर कोण कोणता हे कंपायलरने मनाने ठरवू नये. थांबावे आणि ज्याने नाव ठेवले त्यालाच विचारावे. नियम एवढाच आहे. पण तो निरनिराळ्या भाषांनी कसा पाळला आणि कुठे मोडला, हे पाहण्यात खरी गंमत आहे.

षष्ठी विभक्तीची भाषा

सीच्या कितीतरी आधी, १९५९-६०च्या सुमारास घडलेल्या कोबोलने या कोड्याचे साधे उत्तर काढले होते. बँकेच्या नाहीतर विमा कचेरीच्या कामात ‘नाव’, ‘तारीख’, ‘रक्कम’ ही फील्डे प्रत्येक नोंदीत येणारच. कोबोलने ती येऊ दिली. वापरताना गोंधळ होण्याजोगा असेल तर ‘ग्राहकाचे नाव’, ‘दलालाचे नाव’ असे संबंधासकट लिहायचे, इतकेच बंधन. म्हणजे चक्क षष्ठी विभक्ती. वर या भाषेने सारख्या नावांचा फायदाही करून घेतला. दोन नोंदींतली जी फील्डे एकाच नावाची आहेत तेवढी इकडून तिकडे नक्कल कर, असा हुकूम एका ओळीत देता येतो. इथे एकच नाव दोनदा असणे हीच सोय आहे.

याउलट, बरीच नंतर आलेली आणि विद्वानांची लाडकी हॅस्केल भाषा मात्र सीच्या जुन्याच खड्ड्यात पडली. तिच्यात नोंदीचे फील्ड हे खरे तर एक फंक्शन असते आणि ते मॉड्यूलच्या मोकळ्या मैदानात उभे राहते. ‘व्यक्ती’ या टाइपमध्ये ‘नाव’ ठेवले की ‘नाव’ हे फंक्शन सगळ्या मॉड्यूलभर झाले. त्याच मॉड्यूलमध्ये ‘कंपनी’ला ‘नाव’ देता येईना. मग लोक ‘व्यक्तीनाव’, ‘कंपनीनाव’ असे लिहू लागले. ‘एसटी_’चा शिक्का पुन्हा हजर! यातून सुटका व्हायला २०१६ साल उजाडले. जीएचसी कंपायलरच्या ८.० आवृत्तीत एका मॉड्यूलमध्ये सारखी फील्डनावे ठेवण्याची मुभा वेगळा विस्तार म्हणून आली, आणि बिंदू देऊन फील्ड मागण्याची सोय २०२१च्या ९.२ आवृत्तीत.

ओकॅमलने तिसरी वाट धरली होती. दोन टाइपांत एकच फील्डनाव आले तर शेवटी जाहीर झालेला टाइप गृहीत धरायचा. आधीचा पुसला जात नाही, झाकला जातो. नवख्याला याचा ताप असा की त्याने लिहिलेले बरोबर असते आणि एरर मात्र भलत्याच टाइपविषयी येते. २०१३च्या ४.०१ आवृत्तीपासून कंपायलर आजूबाजूचा टाइप ठाऊक असेल तर त्याचा आधार घेऊन योग्य ते फील्ड निवडतो. तोही आता आधी गाव विचारतो.

एकाच उंबरठ्याच्या आत

दोन गावांचा प्रश्न असा मिटतो. आता खरी पंचाईत घेऊ. समजा कुणीतरी असे लिहिले:

प्रकार ग्राहक {
    नाव : मजकूर
    खाते : पूर्णांक
    नाव : पूर्णांक
}

इथे षष्ठीचा उपयोग नाही. ‘ग्राहकाचे नाव’ म्हटले तरी दोन उत्तरे येतात. अशा वेळी कंपायलरच्या पोटात काय चालते ते पाहण्याजोगे आहे.

कंपायलर नावांची एक वही ठेवतो. तिला सिंबॉल टेबल म्हणतात. प्रत्येक आवार सुरू झाले की वहीत नवे पान उघडते, ते संपले की पान मिटते. नाव वापरलेले दिसले की कंपायलर सर्वांत आतल्या पानापासून बाहेरच्या पानांकडे शोधत जातो. पण नवे नाव जाहीर होताना तो फक्त चालू पानच तपासतो. वापरताना सगळी पाने चाळायची आणि नोंदवताना एकच पाहायचे, या फरकामुळे आतल्या ब्लॉकमध्ये बाहेरच्याच नावाचे नवे व्हेरिएबल चालते आणि एकाच ब्लॉकमध्ये दोन चालत नाहीत. एकात एक ब्लॉक आणि प्रत्येकाची स्वतःची नावे, ही शिस्त अल्गॉल ६० या भाषेने रुजवली आणि पुढच्या बहुतेक भाषांनी उचलली.

वरच्या उदाहरणात ‘ग्राहक’चे पान उघडते, ‘नाव’ नोंदले जाते, ‘खाते’ नोंदले जाते, आणि पुन्हा ‘नाव’ आले की त्या पानावर ते आधीच सापडते. हे शोधायला लागणारा वेळ नगण्य असतो. हॅश टेबलमुळे हजार फील्ड असली तरी प्रत्येकासाठी जवळजवळ एकच पाऊल. दुहेरी नाव ‘लक्षात आले नाही’ ही सबब त्यामुळे कुठल्याच कंपायलरला सांगता येत नाही. प्रश्न उरतो तो पुढे काय करायचे याचा.

पहिला मोह होतो ‘शेवटचे खरे’ धरण्याचा. पायथनमध्ये असेच घडते, आणि त्याच्या डेटाक्लासमध्ये तर मोठे मासलेवाईक घडते. वरचा ‘ग्राहक’ डेटाक्लास म्हणून लिहा. एरर येत नाही, वॉर्निंगही नाही. फील्ड तीनऐवजी दोन होतात. ‘नाव’चा प्रकार शेवटच्या ओळीतला, म्हणजे पूर्णांक, धरला जातो, पण क्रम पहिल्या ओळीचा राहतो, कारण डिक्शनरीत जुन्याच किल्लीवर नवी किंमत ठेवली की किल्लीची जागा हलत नाही. धड एकाचे, डोके दुसऱ्याचे. लिहिणाऱ्याच्या मनात हे तिसरेच प्रकरण कधीच नव्हते. त्याच पायथनमध्ये ‘नेम्डटपल’ करताना एक नाव दोनदा दिले तर एरर येते, ‘एनम’मध्ये दिले तरी येते. एकाच भाषेच्या एकाच लायब्ररीत तीन दारे, आणि त्यांतले एक उघडे.

पायथनमधली याची सर्वांत बेमालूम किंमत चाचण्यांमध्ये मोजावी लागते. चाचण्यांचा क्लास लांबलचक असतो. कुणीतरी जुनी चाचणी कॉपी करतो, आतला मजकूर बदलतो आणि नाव बदलायचे विसरतो. आता पहिली चाचणी अस्तित्वातच नाही, पण पडद्यावर सगळे हिरवे दिसते. न चालणारी चाचणी नापासही होत नाही. पायफ्लेक्ससारखी तपासनिसी करणारी साधने म्हणूनच अशा पुनर्व्याख्येवर बोट ठेवतात. भाषा गप्प बसली की शेजाऱ्याला बोलावे लागते.

दोघांनी दोन ओळी वाचल्या

हा गप्पपणा किती महाग पडू शकतो, याचे गाजलेले उदाहरण २०१७ सालचे आहे. ते टाइपांचे नाही, जेसन नोंदींचे आहे, पण दुखणे तेच. जेसनच्या प्रमाणकात एका नोंदीतली नावे वेगवेगळी ‘असावीत’ असे म्हटले आहे. ‘असलीच पाहिजेत’ असे नाही. त्या फटीतून अपाचे काउचडीबी या डेटाबेसमध्ये एक घुसखोर वाट तयार झाली.

काउचडीबीत नवा वापरकर्ता नोंदवताना जेसनमध्ये ‘रोल्स’ नावाचे फील्ड येते. सामान्य माणसाने तिथे स्वतःला अ‍ॅडमिन म्हणवून घेऊ नये म्हणून तपासणी होती, आणि ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली होती. डेटाबेसचा बाकीचा गाभा अर्लँग भाषेत. कुणी ‘रोल्स’ दोनदा लिहिले, पहिल्यात अ‍ॅडमिन आणि दुसऱ्यात रिकामी यादी, तर काय होईल? जावास्क्रिप्ट शेवटचे खरे मानते. तपासनिसाला रिकामी यादी दिसली, त्याने मान डोलावली. अर्लँगच्या बाजूने तेच फील्ड मागितले की पहिले मिळत असे. गाभ्याला अ‍ॅडमिन दिसला, त्याने चाव्या हातात दिल्या.

यात चूक नेमकी कोणाची? पहिले धरणे चूक नाही, शेवटचे धरणेही नाही. दोघांनी दोन वेगळे नियम धरले आणि दोघेही काही बोलले नाहीत. ‘पहिले की शेवटचे’ हा वाद म्हणूनच फसवा आहे. दोन्ही नियम नाणे उडवण्यासारखेच. फक्त नाणे दर वेळी त्याच बाजूला पडते, म्हणून तो नियम वाटतो.

गो भाषेतही असा एक कोपरा आहे. तिचा कंपायलर एका स्ट्रक्टमध्ये एक फील्डनाव दोनदा आले तर अजिबात चालवून घेत नाही. पण फील्डांना जेसनसाठी टोपणनावे देता येतात आणि ती नुसती मजकुराच्या रूपात लिहिलेली असतात. दोन फील्डांना एकच टोपणनाव दिले तर गोची जेसन लायब्ररी दोघांनाही वगळते, आणि एररही देत नाही. न्याय समान झाला खरा, पण दोघांचीही पाने उचलून! ‘गो व्हेट’ हे वेगळे साधन चालवले तर हे पकडले जाते. कंपायलर ज्याला नाव मानतो त्यावर त्याचा पहारा असतो. नाव अवतरणचिन्हांत शिरले की पहारा संपतो.

तीच गोष्ट दोनदा सांगितली तर?

इथवर एक गोष्ट गृहीत धरली, की दोन व्याख्या एकमेकींच्या विरोधात आहेत. दोन्ही शब्दशः सारख्याच असतील तर? कंपायलरने तेव्हाही अडून बसावे का?

सीमध्ये हा प्रश्न रोजचा. एका हेडर फाइलमध्ये एखाद्या टाइपला ‘टाइपडेफ’ने नवे नाव दिलेले असते, दुसऱ्या हेडरमध्ये तेच पुन्हा. दोन्ही हेडर एकत्र आले की जुन्या सीमध्ये एरर, दोन्ही ओळी अगदी एकसारख्या असल्या तरी. सी++ने असे पुन्हा सांगणे चालू दिले होते. सीने ते २०११च्या प्रमाणकात मान्य केले. स्ट्रक्टच्या पूर्ण व्याख्येसाठी मात्र आणखी जवळजवळ तेरा वर्षे गेली. सी२३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणकानुसार, एकाच आवारात तेच स्ट्रक्ट पुन्हा लिहिले तर चालते. फील्डांची नावे, प्रकार आणि क्रम जुळायला हवेत.

हे वरच्या नियमाशी विसंगत वाटेल, पण तसे नाही. एकाने सांगितले पुतण्या सातारला असतो, दुसऱ्यानेही तेच सांगितले, तर निवड करायची वेळच येत नाही. निवड नाही तिथे अंदाजही नाही. अट एकच: जुळते की नाही हे कंपायलरने खरोखर ताडून पाहिले पाहिजे.

ताडून न पाहिल्यास काय होते, हे सी++ने दाखवले. सी++मध्ये प्रत्येक फाइल सुटी कंपाइल होते आणि शेवटी लिंकर सगळ्यांना जोडतो. एका फाइलमध्ये कुणी ‘नोड’ नावाचे स्ट्रक्ट केले, दोन फील्डांचे. दुसऱ्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणी दुसऱ्याच कामासाठी ‘नोड’ केले, पाच फील्डांचे. दोघांच्याही व्याख्येत कन्स्ट्रक्टर आहे, त्याचे नाव सारखेच होणार. लिंकरला वाटते, या एकाच गोष्टीच्या दोन प्रती आहेत. तो एक ठेवतो आणि एक टाकतो. आता पाच फील्डांच्या नोडवर दोन फील्डांचा कन्स्ट्रक्टर चालतो, उरलेल्या तीन फील्डांत आधीचा कचरा तसाच राहतो, आणि प्रोग्राम कोसळतो तो या दोन्ही फाइलींपासून लांब, तिसऱ्याच ठिकाणी. एका गोष्टीची व्याख्या एकच असावी असा सी++चा नियम आहे, पण तो मोडल्याचे कंपायलरने सांगितलेच पाहिजे असे बंधन प्रमाणक घालत नाही. कारण सरळ आहे: कंपायलरला एका वेळी एकच फाइल दिसते. संपूर्ण प्रोग्राम एकत्र पाहून जोडणी करण्याची पद्धत रुळल्यावर, २०१५च्या जीसीसी ५ मध्ये अशा विसंगतीची वॉर्निंग आली. तरीही शहाण्याने फाइलपुरत्या टाइपांना निनावी नेमस्पेसमध्ये ठेवावे, म्हणजे त्यांना फाइलचेच गाव लाभते.

मुद्दाम ठेवलेले सारखे नाव

कधी कधी एक टाइप दोन ठिकाणी लिहिणे ही लिहिणाऱ्याचीच इच्छा असते. सी#मध्ये खिडक्या आणि बटणे मांडण्याचा कोड साधनच तयार करते आणि बाकीचा माणूस लिहितो. क्लास एक, फाइली दोन. २००५च्या सी# २.० मध्ये यासाठी ‘पार्शल’ हा शब्द आला. प्रत्येक तुकड्यावर तो लिहायचा. एका तुकड्यावर लिहिला आणि दुसऱ्यावर राहिला, तर कंपायलर अडवतो आणि ‘या नावाचा एक पार्शल तुकडा दुसरीकडे आहे, इथे तो शब्द राहिला का?’ असे विचारतो. तुकडे जोडल्यावरही आत एकच फील्ड दोनदा आले तर ती एररच. जोडणी मान्य, गोंधळ नाही.

टाइपस्क्रिप्ट अधिक सैल आहे. तिथे एकाच नावाचे दोन ‘इंटरफेस’ काही न लिहिता आपोआप एकत्र होतात. दुसऱ्या लायब्ररीच्या इंटरफेसमध्ये आपल्याला हवे ते फील्ड जोडायला याचा फार उपयोग. एकच फील्ड दोन्हीकडे असले तर त्याचा प्रकार तोच हवा, नाहीतर एरर. पण ‘टाइप’ या शब्दाने नाव दिले असेल तर दुसऱ्यांदा तेच नाव घेता येत नाही. म्हणजे जोडायचे की अडवायचे हे शब्दाच्या निवडीतच ठरते. सोय मोठी, पण ‘विंडो’ नावाचा आपला स्वतःचा इंटरफेस करायला गेलेल्याला तो ब्राउझरच्या ‘विंडो’त मिसळल्याचे फार उशिरा कळते. ‘पार्शल’ लिहायला लावणारा सी# इथे मला जास्त सरळ वाटतो: एकत्र कुटुंब करायचे असेल तर दोघांनीही तसे तोंडाने म्हणावे.

वारशानेही नावे येऊन आदळतात. वरच्या क्लासमध्ये आधीच असलेले नाव खालच्या क्लासमध्ये घेतले, तर सी# वॉर्निंग देतो आणि हेतू तोच असेल तर ‘न्यू’ हा शब्द लिहायला सुचवतो. खालचा क्लास आधी लिहिलेला आणि वरच्यात ते नाव पुढच्या आवृत्तीत आले असेल, तर ही वॉर्निंग सोन्याच्या मोलाची ठरते.

इम्पोर्ट केलेली नावे एकमेकांवर येतात तेव्हा बहुतेक भाषा आणखी एक शहाणपण दाखवतात: तंटा होईपर्यंत निवाडा नाही. जावाच्या ‘एडब्ल्यूटी’ पॅकेजमध्ये ‘लिस्ट’ नावाचा क्लास पहिल्यापासून होता. १९९८च्या जावा १.२ मध्ये ‘युटिल’ पॅकेजातही ‘लिस्ट’ आला. ज्यांनी दोन्ही पॅकेजे तारांकित इम्पोर्टने सरसकट ओढून घेतली होती आणि ‘लिस्ट’ वापरला होता, त्यांचे काल चालणारे प्रोग्राम आज कंपाइल होईनात. दोन्ही पॅकेजे घेऊन ‘लिस्ट’ न वापरणाऱ्यांना काहीच झाले नाही. तक्रारी झाल्या असतील, पण कंपायलरने कुणाच्याही पदरात चुकीचा ‘लिस्ट’ घातला नाही. उपायही एका ओळीचा होता: हव्या त्या ‘लिस्ट’चे पूर्ण नाव लिहून इम्पोर्ट करायचे, म्हणजे पुन्हा नाव आणि गाव.

कसे सांगावे

थांबायचे ठरले, तर थांबताना काय बोलावे यातही कसब आहे. ‘दुहेरी नाव’ एवढेच सांगून कंपायलर गप्प बसला, तर माणसाला तीनशे ओळी चाळाव्या लागतात. रस्टचा कंपायलर अशा वेळी दोन्ही ओळी दाखवतो: एकीखाली ‘हे फील्ड आधीच जाहीर झाले आहे’ आणि दुसरीखाली ‘पहिल्यांदा इथे’. कारण चूक कोणत्या ओळीत आहे, हे त्याला ठाऊक नसते. नंतर आलेलीच चुकली असे कशावरून? कदाचित जुनी ओळ पुसायची राहून गेली असेल.

एरर दिल्यानंतर कंपायलरला पुढची फाइल वाचायची असते, आणि त्यासाठी तात्पुरते काहीतरी धरून चालावे लागते. रूढ रीत अशी: वहीत पहिली नोंद राहू द्यायची, दुसरी नोंदवायची नाही, पण दुसऱ्या ओळीतला टाइप बरोबर लिहिला आहे का ते तपासायचे. नाव तीनदा आले तर दोन एरर, आणि दोन्ही पहिल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या. जिथे ‘ग्राहकाचे नाव’ वापरून काही केले आहे तिथे प्रकार जुळत नाही म्हणून नव्या तक्रारी करायच्या नाहीत. एका चुकीच्या पोटी चाळीस एरर निघाल्या की माणूस पहिली वाचायचेच सोडून देतो.

सारखे म्हणजे किती सारखे?

शेवटी राहतो सर्वांत बारीक प्रश्न. दोन नावे सारखी आहेत, हे ठरवायचे कोणी? पास्कलला लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक वाटत नाही, सीला वाटतो. १९८९च्या सी प्रमाणकात तर फाइलबाहेर दिसणाऱ्या नावांची पहिली सहाच अक्षरे लिंकरने पाहिली तरी चालत असे. ‘अकाउंट’ने सुरू होणारी सगळी रोमन नावे त्याच्या दृष्टीने एकच ठरू शकत. सीच्या लायब्ररीतली नावे इतकी तोकडी का, याचे एक कारण हेही आहे.

आणि हा प्रश्न आपल्या लिपीत तर अगदी दाराशी येतो. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यातला अर्ध्या चंद्रासारखा र युनिकोडमध्ये ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून लिहितात. ‘र’ला नुक्ता देऊनही तोच ‘ऱ’ होतो. आणि र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह टाकूनही पडद्यावर तीच आकृती उमटते. डोळ्यांना एक शब्द, संगणकाला तीन वेगळे क्रम.

पायथन नावे वाचताना युनिकोडच्या नियमाने त्यांचे प्रमाणीकरण करतो, म्हणून पहिले दोन क्रम त्याला एकच वाटतात. अदृश्य चिन्ह असलेला तिसरा तो नाव म्हणून स्वीकारतच नाही. रस्टही प्रमाणीकरण करतो. जावास्क्रिप्ट असे काही करत नाही आणि ते अदृश्य चिन्हही नावात चालवून घेते. त्यामुळे एकाच ब्लॉकमध्ये ‘दुसऱ्या’ नावाची तीन व्हेरिएबले गुण्यागोविंदाने नांदू शकतात, आणि कुठलीही एरर येत नाही. गोमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण तिथे नावात मात्रा आणि हलन्त चालतच नाहीत.

असा प्रोग्राम दोन माणसांनी, दोन कीबोर्डांवर लिहिला तर काय होईल ते सहज करून पाहता येते. एकाने ‘दुसऱ्या’त किंमत भरली, दुसऱ्याने ‘दुसऱ्या’ छापून पाहिले, आणि ‘असे कोणतेही नाव नाही’ असा निरोप आला. दोघेही पडद्याकडे बघून म्हणतील, हे काय, समोर तर लिहिले आहे! इथे एका गावात एकाच चेहऱ्याचे दोघे राहत आहेत आणि कंपायलरला ते दोघे आहेत हे पक्के ठाऊक आहे. त्याने फक्त ते सांगायला हवे होते.